ठकीचं वजन

माले गावात म्हैस अडली किंवा बैल फुगला, तर लोक आधी साहेबरावांना हाक मारतात आणि मग डॉक्टरला फोन लावतात. साहेबराव डॉक्टर कधीच नव्हते. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी तेहेतीस वर्षं परिचर म्हणून काढली. जनावर धरायचं, जखमा धुवायच्या, सुया उकळायच्या आणि डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले असले की जमेल ते करायचं, अशी ती नोकरी. पण ज्या घरांपुढं त्यांच्या वडिलांना अंगणाच्या कडेला उभं राहून बोलावं लागे, त्याच घरांच्या गोठ्यात साहेबरावांना हाताला धरून आत नेत. 'या डॉक्टर' म्हणत. चहा मात्र बरीच वर्षं कोनाड्यातल्या वेगळ्या कपातून येई. साहेबराव त्या कपाकडं बघत, चहा तसाच ठेवत आणि म्हैस मोकळी करून घरी येत. अडलेल्या म्हशीच्या पोटात हात घालावा तर साहेबरावांनीच, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं आणि साहेबरावांना तर जास्तच. या एका गोष्टीवर माणूस ताठ मानेनं जगला. पुढं जे झालं तेही त्या ताठ मानेपायीच झालं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

वजनाच्या बाबतीत तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सुरुवातीला बैलाच्या छातीला सुतळी गुंडाळून, लांबी मोजून हिशेब करत. नंतर सुतळीही लागेना. पाठीवरून हात फिरवला की आकडा तोंडात. बाजारात व्यापारी आणि शेतकरी हमरीतुमरीवर आले की साहेबरावांना मध्ये घालत, आणि त्यांनी सांगितलेल्या आकड्यापुढं कोणी बोलत नसे.

आता ते सदुसष्ट वर्षांचे आहेत. विहारामागच्या दोन खोल्यांत ते आणि ठकी नावाची मांजर, एवढाच संसार. बायको, चांगुणा, दोन वर्षांमागं गेली. घास उतरेना म्हणून पुण्याला नेली तेव्हा अन्ननलिकेत गाठ निघाली, आणि सात आठवड्यांत सगळं आटोपलं. एकुलती एक मुलगी पायल हिंजवडीत कंपनीत कामाला आहे, जांब्याला खोली घेऊन राहते आणि जमेल त्या रविवारी स्कूटरवरून बापाला भेटायला येते.

ठकी चांगुणाची. पावसात भिजून दारात आलेलं एवढंसं पिल्लू तिनं पदरात पुसलं आणि ठेवून घेतलं. साहेबरावांना मांजरांचं काही कौतुक नव्हतं. दूध देत नाही, औत ओढत नाही, तिला जनावर तरी कसं म्हणायचं, असं ते म्हणत. चांगुणा नवऱ्याला वाढून झालं की चुलीशी पाठमोरी बसून जेवायची आणि ठकी तिच्या मांडीला लागून बसायची. टीव्हीवरच्या बातम्या बघता बघता साहेबराव म्हणायचे, "लाडावून ठेवलीस त्या मांजराला." ती पाठमोरीच हसायची.

ती गेल्यावर मात्र साहेबरावांचं ठकीवाचून पान हलेना. एकट्याला घास गोड लागेना म्हणून ठकीसाठी बशी मांडायला सुरुवात झाली. सकाळी दूध-भाकरी, दुपारी वरणभात, संध्याकाळी अंडं. शिवाय फाट्यावर धरणातले मासे विकणारी गोजराबाई जाता जाता मुंडकी आणि आतडी टाकून जायची. ठकी फुगत गेली. तिला ओट्यावर उडी मारता येईना. पाठ चाटायला मान पोचेना, म्हणून शेपटीच्या बुडाशी केसांच्या गाठी झाल्या. चार पावलं चालली की बसायची.

पायलनं एका रविवारी तिला टोपलीत घातलं आणि पिरंगुटकडच्या एका दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरबाई तरुण होती. तिनं काट्यावर ठेवलं तर सात किलो आठशे. असावी पाचाच्या आत. बाईनं पायलला कागदावर सगळं लिहून दिलं: खाणं मोजून द्यायचं, दिवसातून चार वेळा थोडं थोडं, वरचं काही नाही, दोरीला चिंधी बांधून खेळवायचं, आणि महिन्याला पाव किलो उतरलं तरी पुष्कळ. कागदाच्या तळाशी दोन रेघा मारून लिहिलं होतं: एक दिवससुद्धा उपाशी ठेवायचं नाही.

घरी आल्यावर पायलनं तो कागद वाचून दाखवला. साहेबराव चष्मा पुसत होते.

"आबा, ऐकताय ना? उपाशी ठेवायचं नाही तिला. तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे."

"ऐकतुया की. तेहेतीस वर्सं काय झक मारली व्हय म्या?"

"आणि एका महिन्यात काहीच फरक पडला नाही, तर मी तिला जांब्याला नेणार. तुमच्या हातून तिला कमी घातलं जात नाही. इथं राहिली तर ती मरेल."

ठकी गेली तर या घरात 'जेवलीस का' असं विचारायलाही कोणी उरणार नव्हतं. त्यांनी मांजराकडं बघितलं, मुलीकडं बघितलं आणि म्हणाले, "महिन्यात दावतो तुला."

पहिले तीन आठवडे त्यांनी कागदाबरहुकूम केलं. पायलनं आणलेला मोजायचा कप काठोकाठ सारखा करून तेवढंच घातलं. गोजराबाईला दम भरला. वजन करायला मात्र तिच्याचकडं जावं लागे, कारण पाच-दहा ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा गावात तिचाच. दर रविवारी सकाळी साहेबराव ठकीला घेऊन फाट्यावर जात. मासे ठेवायच्या निळ्या क्रेटमध्ये ठकीला बसवलं की ती वासानं वेडी होई आणि आजूबाजूची माणसं गंमत बघायला थांबत.

"डॉक्टर, काय भावानं देता?" कोणी तरी विचारी.

"तुला परवडायचं न्हाई," साहेबराव म्हणत.

तिसऱ्या रविवारी काटा सात किलो सहाशे पन्नासवर थांबला. म्हणजे तीन आठवड्यांत दीडशे ग्रॅम. कागदाप्रमाणं हे अगदी ठीक होतं. पण साहेबरावांचे हात चारशे-चारशे किलोंचे बैल तोलणारे. दीडशे ग्रॅम त्यांच्या लेखी चिमणीची विष्ठा. महिना भरायला आठवडा उरला, पायल येणार, एवढ्याशा फरकाला काही नाही म्हणणार आणि टोपली उचलणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. तिला नुसतं विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं की एवढं पुष्कळ झालं. पण मुलीला विचारायचं म्हणजे मान खाली घालायची.

मग त्यांनी त्यांचं जुनं शास्त्र काढलं. धान्याच्या राशीत तोंड घालून फुगलेला बैल त्यांनी किती वेळा वाचवला होता. वैरण बंद, दाणा बंद, चार दिवस लंघन आणि नुसतं पाणी. पाचव्या दिवशी बैल उभा. बैलाला जे लागू पडतं ते वीतभर मांजराला का पडणार नाही? ती कालची पोरगी काचेच्या दवाखान्यात बसून उंटावरून शेळ्या हाकते, तिला काय ठाऊक.

सोमवारी सकाळी त्यांनी कप फळीवर ठेवला आणि ठकीपुढं पाण्याचं भांडं सरकवलं. तिला बाहेरचं काही मिळू नये म्हणून मागच्या खोलीत कोंडून कडी लावली. पहिले दोन दिवस ठकी ओरडली. दारावर नखं ओढली. साहेबरावांनी टीव्ही मोठा केला, पण त्या दोन दिवसांत तेही धड जेवले नाहीत. बुधवारी तिचा आवाज बंद झाला. त्यांना वाटलं, पोट आवळलं, सवय झाली. शुक्रवारी त्यांनी दार उघडून बशीत खाणं घातलं, तर ठकीनं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. साहेबरावांना मनापासून आनंद झाला. हाव मेली, असं ते स्वतःशीच म्हणाले.

रविवारी काटा सहा किलो आठशे पन्नासवर आला. एका आठवड्यात आठशे ग्रॅम. गोजराबाईनं काटा पुसून पुन्हा वजन केलं, तरी तेच.

"लई झटक्यात उतरली वो," ती म्हणाली. "आन् गप बी हाय. माशाच्या वासानं बी हालंना."

"शाणी झाली ती," साहेबराव म्हणाले, आणि तिथूनच त्यांनी पायलला फोन लावला. कंपनीतल्या कामामुळं ती त्या रविवारी येणार नव्हती.

"एवढं? आबा, ती खाते ना नीट?"

"खाती की," साहेबराव म्हणाले.

खोटं बोलायला फार वेळ लागत नाही. ते घरी आले तेव्हा आपण खोटं बोललो हेही त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. सोमवारीही ठकीनं बशीला तोंड लावलं नाही, आणि त्यांनी तिकडं काणाडोळा केला. मंगळवारी सकाळी ती पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलेली दिसली. तोंडातून लाळ गळत होती. साहेबराव खाली बसले, आणि इतक्या वर्षांची सवय म्हणून त्यांच्या अंगठ्यानं आपोआप तिचा ओठ वर उचलला. हिरड्या पिवळ्या होत्या. कान उलटून बघितला तर आतली कातडी हळद लावल्यासारखी. कावीळ झालेल्या गाई त्यांनी पुष्कळ बघितल्या होत्या. त्यांना कोणी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी फोन घेतला, तर त्यात मुलीचं नाव सापडेना.

पायल तासाभरात आली. आल्या आल्या तिनं ठकीला टोपलीत ठेवलं. साहेबराव स्कूटरवर मागं बसले, मांडीवर टोपली, आणि पिरंगुट येईपर्यंत मांजराच्या पाठीवर हात ठेवून राहिले. हाताला मणके लागत होते. सात किलोच्या जवळ असलेल्या मांजराचे मणके.

डॉक्टरबाईनं तपासलं आणि विचारलं, "किती दिवस खाल्लं नाही?"

साहेबरावांनी मुलीकडं बघितलं नाही. "आठ दीस. पयले चार दीस म्याच दिलं न्हाई."

बाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "काका, मांजराचं बैलासारखं नसतं," ती म्हणाली. "लठ्ठ मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी सुटून लिव्हरमध्ये भरते. मग भूकच मरते. तुम्ही खायला दिलंत तेव्हा तिला खाता येत नव्हतं." मानेतून नळी घालावी लागेल, तीन-तीन तासांनी त्यातून पातळ खाणं द्यावं लागेल, आणि तरी जगेल न जगेल निम्मं-निम्मं, असं तिनं सांगितलं. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "लठ्ठ कधीपासून झाली ही?"

"मालकीन गेली माजी, तवापासनं. दोन वर्सं झाली. एकट्याला जेवान जाईना, मंग हिला घालत गेलो."

"थांबा, माझ्याकडं जुने फोटो असतील," पायल म्हणाली आणि फोनवर मागं मागं जायला लागली. एका फोटोपाशी तिचं बोट थांबलं. तिनं फोन बापापुढं धरला.

फोटो चौदा एप्रिलचा होता, चांगुणा गेली त्या वर्षीचा. म्हणजे ती जायच्या सात महिने आधीचा. विहाराच्या पायरीवर पांढऱ्या साडीत चांगुणा बसली होती. मनगटं काटकुळी झालेली, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या, गालांचे खळगे दिसत होते. आणि तिच्या मांडीवर, मांडीत मावत नाही अशी, ठकी.

तो फोटो साहेबरावांनीच काढायला लावला होता. चांगुणा अंगानं जाड, गुडघे दुखायचे, आणि वीस वर्षं ते तिच्या मागं लागले होते की जरा कमी खा, विहारापर्यंत चालत जा. त्या वर्षी ती बारीक व्हायला लागली. त्यांनी सगळ्या माणसांत सांगितलं होतं, "बगा, आमच्या हिची तब्बेत कशी मापात आली. माजं ऐकलं म्हनून." ती पदर तोंडाला लावून हसली होती. जनावराच्या पाठीवर नुसता हात फिरवून दुखणं ओळखणारा माणूस त्या दिवशी बायकोच्या शेजारी बसून पेढे खात होता.

साहेबराव फोटोकडं बघत राहिले. चांगुणा वाळत होती तेव्हाच मांजर फुगत होतं. घरात वाढलेलं अन्न रोज संपत होतं, ताटं रोज धुतली जात होती. आणि चुलीशी पाठमोरी बसलेल्या चांगुणाच्या मांडीला लागून ठकी रोज बसलेली असायची. 'जेवलीस का' म्हणून विचारलं की ती म्हणायची, "जेवले की."

ते बाहेर येऊन पायरीवर बसले. आत ठकीच्या मानेत नळी घालत होते. चांगुणालाही शेवटी नळीच होती, पोटातून. थोड्या वेळानं पायल येऊन शेजारी बसली.

"तुजी आई जेवत न्हवती गं," साहेबराव म्हणाले. "समदं हिला घालत हुती."

पायलनं मान हलवली. "मला माहीत होतं, आबा."

त्यांनी वळून बघितलं.

"सगळं नाही. घास अडकतो, एवढंच म्हणाली होती. मी म्हटलं, आबांना सांग, डॉक्टरकडं जाऊ. तर म्हणाली, राहू दे, तुझा बाप लई खूश हाय माझ्यावर. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं बघून चांगलं म्हणतोय. दिवाळीपर्यंत जाऊ दे."

साहेबराव म्हणाले, "मला सांगायचंस तू. म्या नेली असती तिला."

पायल रडत होती, पण आवाज सरळ होता. "ऐकलं असतं का तुम्ही? ठकीचंही सांगितलं होतं ना मी?"

समोरच्या रस्त्यावरून डंपर गेले, धूळ बसली, आतून बाईनं हाक मारली, आणि दोघं उठले.

ठकी मेली नाही. पण पुढचे एकोणीस दिवस साहेबरावांना मेल्याहून मेल्यासारखे गेले. डॉक्टरबाईचा नवा कागद त्यांनी भिंतीवर चिकटवला आणि त्यातला एक शब्द इकडचा तिकडं होऊ दिला नाही. पातळ खाणं कोमट करायचं, सिरिंज भरायची, नळीतून हळूहळू सोडायचं, मग पाणी, मग नळीचं तोंड बंद. तीन तासांनी पुन्हा. पायलनं आठवड्याची रजा काढली. ती संपली तेव्हा दुपारच्या वेळा गोजराबाईनं वाटून घेतल्या. तिच्या हाताला मासळीचा वास, पण सिरिंज मात्र ती साहेबरावांपेक्षा सावकाश दाबायची. नळीतून ते पातळ पांढरं आत जाताना साहेबरावांना रोज दुसरी नळी दिसे, आणि ते दर वेळी हात धुवायच्या निमित्तानं मागच्या दारी जाऊन उभे राहत. गावातून एकदा बैल दाखवायला बोलावणं आलं, तर त्यांनी सांगितलं की डॉक्टरला फोन लावा, मला कळत नाही. बोलवायला आलेला माणूस चेष्टा समजून हसला.

विसाव्या दिवशी ठकीनं बशीतलं स्वतःहून खाल्लं. चार घास. साहेबराव बशीपुढं गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. आनंद झाला होता, पण त्या आनंदाखाली जे होतं ते हलत नव्हतं. ठकी खाताना तिच्या जबड्याचा जो बारीक आवाज येत होता, तो त्यांना ओळखीचा होता. तो आवाज त्यांनी चुलीच्या बाजूनं रोज ऐकला होता आणि बातम्या बघितल्या होत्या.

महिनाभरानं नळी निघाली. वजन सहा किलो दोनशे. आता कागदाप्रमाणं हळूहळू पाचावर आणायचं होतं. त्या रविवारी पायल आली तेव्हा दारात टोपली तयार होती. आत जुन्या लुगड्याची घडी, मोजायचा कप, दोरीला बांधलेली चिंधी आणि ठकी.

"हे काय?" पायल म्हणाली. "आबा, राहू दे इथंच. आता तुम्ही सगळं बरोबर करताय."

"न्हाई. ने तू. कागद वाचून करनारं मानूस पायजेल हिला. मला पुना शानपन सुचंल."

"आणि तुम्ही? एकटे काय करणार?"

साहेबराव टोपलीचं झाकण लावत होते. त्याची कडी बसेना, म्हणून त्यांनी ते दोनदा काढून घातलं.

"जेवीन की," ते म्हणाले. आणि मग थांबून, त्या दिवशी पहिल्यांदाच मुलीच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "तू रोज फोन करून इचार, जेवला का म्हनून. आन् म्या व्हय म्हनलो तरी इस्वास ठिवू नगंस. येऊन बग."

पायलनं टोपली स्कूटरच्या पुढच्या पायदानावर ठेवली. साहेबराव फाट्यापर्यंत चालत तिच्याबरोबर गेले. गोजराबाईनं काटा पुसून ठेवला होता, पण त्यांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी वजन केलं नाही.